सोळा पेन्स की अठरा पेन्स : रुपयाच्या दराचा एक विसरलेला वाद

जानेवारी १९३०च्या अखेरीस महात्मा गांधींनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या. मिठावरील कर रद्द करा ही त्यांतली मागणी आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते, कारण तिच्यातून पुढे दांडीयात्रा झाली आणि आपल्या ठाणे, कुलाबा, रत्नागिरी जिल्ह्यांच्या किनाऱ्यावर मिठाचे सत्याग्रह झाले. त्याच यादीत आणखी एक मागणी होती : रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्सांवरून एक शिलिंग चार पेन्सांवर आणा. या मागणीसाठी कुणी यात्रा काढली नाही, तिच्यावर पोवाडे झाले नाहीत, आणि आपल्या साहित्याच्या इतिहासाने तर तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. मूठभर मीठ हातात धरता येते. दोन पेन्सांचा फरक हातात धरता येत नाही. पण तो प्रत्येकाच्या ताटात, अंगावरच्या कापडात आणि सावकाराच्या वहीत होता.

भिवंडीसारख्या मागांच्या गावात मराठीचे अध्यापन करणाऱ्याला हा वाद परका वाटू नये. कामवारी नदीच्या काठच्या या जुन्या व्यापारी गावात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकर येऊन स्थिरावले, आणि तेव्हापासून येथले अर्थकारण सूत आणि कापड या दोन भावांमधल्या अंतरावर तोललेले आहे. विणकराने पौंडाची नोट जन्मात पाहिली नसेल, तरीही सुताचा भाव त्या नोटेनेच ठरवला आहे. तो कसा ठरवला, आणि त्यावरून आपल्याच देशातील माणसे एकमेकांविरुद्ध कशी उभी राहिली, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

आरंभ शब्दांपासून करणे आपल्या अभ्यासविषयाला धरून होईल. 'विनिमय दर' हा आजचा पाठ्यपुस्तकी शब्द. त्यापूर्वी मराठीत यासाठी 'हुंडणावळ' हा घरचा शब्द होता. एका गावचा पैसा दुसऱ्या गावी पोचवण्यासाठी हुंडी लिहायची आणि तिच्यासाठी जे द्यायचे ती हुंडणावळ. नाणे दर्शनी किमतीपेक्षा कमी धरले गेले की त्याला 'बट्टा' लागे. हुंडी 'वटवावी' लागे आणि त्यात 'वटाव' कापला जाई. मराठेशाहीत ठिकठिकाणच्या टाकसाळींतून निरनिराळे रुपये पडत. त्यांच्यातील चांदीचा कस सारखा नसे, म्हणून बाजारात प्रत्येकाचा बट्टा वेगळा. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठ्यांची चलने आणि टाकसाळी यांवर स्वतंत्र निबंध लिहिला आहे, तो या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. सराफ आणि पोतदार ही आपल्यातली आडनावे त्याच व्यवहाराची खूण आहेत. नाणी गेली, पण 'अब्रूला बट्टा लागणे' आपल्याकडे राहिले. पैशाच्या किमतीतली घट आणि माणसाच्या प्रतिष्ठेतली घट भाषेने एकाच शब्दात बांधली. पुढे रुपयाच्या दराचा प्रश्न राष्ट्राच्या अब्रूचा प्रश्न का वाटू लागला, याचे बीज कदाचित याच शब्दात असेल.

ब्रिटिश अमलात एकच रुपया सर्वत्र चालू लागला आणि घरातला बट्टा संपला. त्याची जागा बाहेरच्या बट्ट्याने घेतली. रुपया चांदीचा, इंग्लंडचा पौंड सोन्याचा. चांदीचे आणि सोन्याचे परस्पर मूल्य स्थिर होते तोवर रुपयाला जवळपास दोन शिलिंग मिळत. १८७०नंतर जर्मनीने सोन्याचे चलन स्वीकारले, इतर देश त्या वाटेने गेले, नव्या खाणींतून चांदी भरमसाट निघू लागली आणि चांदीबरोबर रुपयाही घसरू लागला. १८९२-९३पर्यंत तो पंधरा पेन्सांच्या आसपास आला.

या घसरणीने कळवळले ते हिंदुस्थान सरकार. कारण सरकारचे उत्पन्न रुपयांत, पण निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शने, लंडनमध्ये काढलेल्या कर्जांचे आणि रेल्वेच्या भांडवलाचे व्याज, लष्करी व इतर सामानाची खरेदी हे सारे 'होम चार्जेस' पौंडांत. रुपया एक पेनी उतरला की तोच खर्च भागवायला अधिक रुपये लागत आणि ते रयतेकडून गोळा करावे लागत. मुंबईच्या गिरण्यांना मात्र ही घसरण मानवत होती. चीन हा चांदीचे चलन वापरणारा देश, त्यामुळे मुंबईचे सूत तेथे सहज खपे. जून १८९३मध्ये सरकारने टाकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्या. तोवर कुणीही चांदी नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शके, ते थांबले. रुपयाची किंमत त्याच्यातल्या चांदीपासून तोडली गेली. तो लगेच चढला नाही. १८९४-९५मध्ये तेरा पेन्सांपर्यंत खाली जाऊन मग वर येऊ लागला आणि १८९८च्या सुमारास सोळा पेन्सांवर पोचला. १८९९मध्ये एका सॉव्हरिनला पंधरा रुपये हा भाव कायद्याने ठरला.

सोळा पेन्स या आकड्याला एक विलक्षण सोय होती. रुपयाचे आणे सोळा, म्हणजे एक आणा बरोबर एक पेनी. 'सोळा आणे खरे' म्हणणाऱ्या समाजाला सोळा पेन्सांचा रुपया स्वाभाविक वाटावा यात नवल नाही. जवळजवळ वीस वर्षे तो तसाच राहिला आणि एका पिढीला तो निसर्गनियमच वाटू लागला. प्रत्यक्षात तो लंडनमध्ये सेक्रेटरी ऑफ स्टेट विकत असलेल्या कौन्सिल बिलांच्या आधाराने, म्हणजे सरकारी हातांनी टिकवलेला दर होता.

या व्यवस्थेतली मेख प्रथम स्पष्टपणे दाखवणाऱ्यांत नामदार गोखले होते. मार्च १९०२मध्ये वरिष्ठ कायदेमंडळातील आपल्या पहिल्या अर्थसंकल्पीय भाषणात त्यांनी सरकारच्या शिलकीचे गुपित उलगडले. सरकार शिल्लक दाखवून सुबत्तेची द्वाही फिरवत होते. गोखल्यांचे म्हणणे असे की, ही शिल्लक लोकांच्या भरभराटीची नाही, ती चलनाची आहे. रुपया तेरावरून सोळा पेन्सांवर गेल्यामुळे होम चार्जेसवर सरकारचे कोट्यवधी रुपये वाचतात. पडत्या रुपयाच्या काळात तूट भरून काढण्यासाठी वाढवलेले कर मात्र तसेच ठेवलेले आहेत. कराचा रुपया नावाने तोच राहिला, पण तो मिळवायला शेतकऱ्याला अधिक धान्य विकावे लागू लागले. आपल्याकडे गोखल्यांच्या भाषणाची वाखाणणी वक्तृत्वाचा नमुना म्हणून होते. खरे तर ते बारकाईने केलेल्या वाचनाचाही नमुना आहे. सरकारी आकड्यांच्या संहितेत जे लिहिलेले नव्हते ते त्यांनी वाचले.

पहिल्या महायुद्धाने सारी घडी मोडली. चांदी महागली, १९१७पासून दर वर जाऊ लागला आणि १९२०च्या आरंभी तो अडीच शिलिंगांच्याही वर गेला. बॅबिंग्टन स्मिथ समितीच्या शिफारशीवरून सरकारने दोन शिलिंगांचा दर जाहीर केला आणि तो टिकवण्यासाठी लंडनमधली गंगाजळी ओतली, पण दर टिकला नाही. १९२१मध्ये रुपया सोळा पेन्सांच्याही खाली आला. चढत्या दरावर भरवसा ठेवून विलायतेत कापडाच्या आणि यंत्रांच्या मागण्या नोंदवलेले मुंबईचे व्यापारी यात भाजून निघाले. माल बंदरात आला तेव्हा त्याची रुपयांतली किंमत दीडपट झालेली, म्हणून अनेकांनी तो उचलायलाच नकार दिला.

या पार्श्वभूमीवर १९२३मध्ये लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनसंस्थेने एक ग्रंथ प्रसिद्ध केला : 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. लेखक भीमराव रामजी आंबेडकर. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील हा प्रबंध, आणि त्याला प्रस्तावना होती प्राध्यापक एडविन कॅनन यांची. बाबासाहेबांच्या इतर लेखनावर मराठीत जेवढे लिहिले गेले त्याच्या मानाने या ग्रंथाची चर्चा फारच थोडी झाली, निदान साहित्याच्या वर्तुळात तरी. 'इंडियन करन्सी अँड फायनान्स' या १९१३च्या पुस्तकात केन्स यांनी हिंदुस्थानच्या सुवर्ण विनिमय पद्धतीची भलावण केली होती. रुपयाच्या बदल्यात देशात सोने द्यायची गरज नाही, परदेशी देण्यापुरता दर सांभाळला की पुरे, असे त्या पद्धतीचे सार. बाबासाहेबांनी याला थेट विरोध केला. त्यांच्या मते चलनाची खरी कसोटी परदेशी दराची स्थिरता ही नव्हे, देशातील त्याची क्रयशक्ती ही आहे. सरकार हवे तेवढे रुपये पाडू शकते तोवर दर स्थिर दिसत असला, तरी बाजारात भाव चढत राहतात आणि त्याचा भार बांधीव वेतनावर जगणाऱ्या गरिबावर पडतो. म्हणून रुपये पाडण्याचा सरकारचा अधिकारच बंद करावा आणि सोन्याचे चलन आणावे, असा त्यांचा आग्रह होता.

१९२५मध्ये हिल्टन यंग आयोग नेमला गेला आणि डिसेंबरात बाबासाहेबांनी त्याच्यापुढे साक्ष दिली. तोवर रुपया अठरा पेन्सांच्या आसपास आला होता. प्रश्न असा : तो तेथेच बांधावा की पुन्हा सोळावर न्यावा? मुंबईचे गिरणीमालक, कापसाचे व्यापारी आणि काँग्रेसचा मोठा भाग सोळाच्या बाजूने होता. त्यांचा हिशेब सोपा होता. सोळा पेन्सांच्या दराने एका पौंडाचा कापूस विकला तर पंधरा रुपये मिळतात, अठराच्या दराने तेरा रुपये पाच आणे चार पै. निर्यातदाराचे आणि त्याच्या मागे उभ्या शेतकऱ्याचे पौंडामागे दीड रुपयाहून अधिक जातात. उलट लँकेशायरचे कापड तेवढ्याच प्रमाणात स्वस्त होऊन गिरण्यांच्या मुळावर येते. म्हणजे अठरा पेन्स ही मँचेस्टरला दिलेली भेट आणि होम चार्जेस भरणाऱ्या सरकारची सोय. हा युक्तिवाद खोटा नव्हता. आयोगाचे सभासद पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिका लिहून तो ठामपणे मांडला.

बाबासाहेबांनी या युक्तिवादाला वेगळाच प्रश्न विचारला. रुपया उतरल्याने होणारा लाभ येतो कुठून? तो परदेशातून येत नाही. देशातल्याच एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे जातो. दर उतरला की देशात भाव चढतात. भाव चढले तरी मजुरी तत्काळ चढत नाही. मधल्या काळात मालकाचा जो नफा, तोच मजुराचा तोटा. 'राष्ट्राचा लाभ' या शब्दाआड कुणाचा लाभ दडला आहे हे पाहण्याची ही दृष्टी. परळच्या चाळीत गिरणीकामगारांच्या शेजारी राहिलेल्या अर्थशास्त्रज्ञाला ती लाभावी हे साहजिक होते. आपण समीक्षेत 'संहितेतील मौने' शोधण्याची भाषा करतो. त्याचा इतका थेट वस्तुपाठ मराठी विचारविश्वात दुसरा क्वचितच सापडेल.

आयोगाने १९२६मध्ये अठरा पेन्सांची शिफारस केली आणि मार्च १९२७मध्ये कायदेमंडळात मोठ्या खडाजंगीनंतर निसटत्या बहुमताने तिचा कायदा झाला. सोन्याचा सरकारी भाव तोळ्याला एकवीस रुपये तीन आणे दहा पै ठरला. त्याच मार्चच्या १९ आणि २० तारखांना महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. आपल्या इतिहासग्रंथांत या दोन घटना कधी एका पानावर येत नाहीत. पण त्या एकाच माणसाच्या विचारविश्वात शेजारी शेजारी होत्या, आणि दोन्हींतला प्रश्न एकच होता : सार्वजनिक म्हणवल्या जाणाऱ्या वस्तूवर, मग ते तळे असो वा चलन, प्रत्यक्षात हक्क कुणाचा?

आता यात विणकर कुठे उभा होता? त्याची स्थिती मोठी अवघड. ताण्याबाण्याचे बारीक सूत बरेचसे बाहेरून येई. रुपया चढा राहिला की ते स्वस्त होणार, म्हणजे अठरा पेन्स त्याच्या सोयीचे. पण त्याच दराने विलायती कापडही स्वस्त होऊन बाजारात त्याच्या कापडाशेजारी येऊन बसणार, म्हणजे अठरा पेन्स त्याच्या गळ्याशी. शिवाय तो कर्जदार. १९२९नंतर जगभर मंदी आली, हिंदुस्थानात शेतमालाचे भाव तीनचार वर्षांत जवळपास निम्म्यावर आले, पण सावकाराच्या वहीतला रुपया मात्र तेवढाच राहिला. शंभर रुपये फेडायला पूर्वी जितके धान्य वा कापड विकावे लागे, त्याच्या दुप्पट विकावे लागू लागले. सप्टेंबर १९३१मध्ये इंग्लंडनेच सोने सोडले, रुपया मात्र अठरा पेन्सांनी पौंडाला बांधूनच ठेवला गेला. सोन्याचा भाव तोळ्याला एकवीस रुपयांच्या वर चढला आणि गरजेपोटी घराघरांतले दागिने मोडले जाऊन शेकडो कोटी रुपयांचे सोने पुढील काही वर्षांत मुंबई बंदरातून बाहेर गेले. 'श्यामची आई' साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिली ती १९३३मध्ये. तिच्यातला काळ आधीचा आहे, पण कर्जाने खचणाऱ्या घराची ती कथा पहिल्या वाचकांनी वाचली ती या वर्षांत. तिच्या स्वागतात या काळाचाही वाटा असणार, असे आम्हाला वाटते. त्याच वर्षी मामा वरेरकरांची 'धावता धोटा' ही गिरणीजीवनावरची कादंबरी आली. या दोन पुस्तकांच्या पार्श्वभूमीला दराचा इतिहास ठेवून वाचले, तर 'करुणा' आणि 'वास्तववाद' या आपल्या तयार शब्दांच्या पलीकडे काही हाती लागू शकते.

याच सुमारास मागांच्या जगात पौंडाच्या जोडीला दुसरे एक चलन शिरले : जपानचा येन. सोन्याच्या हिशेबाने शंभर येनला सुमारे एकशे सदतीस रुपये पडत. डिसेंबर १९३१मध्ये जपानने सोने सोडले आणि येन कोसळला. पुढे तो एक शिलिंग दोन पेन्सांवर स्थिरावला तेव्हा अठरा पेन्सांच्या रुपयाशी त्याचा हिशेब शंभर येनला अवघे अठ्ठ्याहत्तर रुपये असा येत होता. जपानी कापड हिंदुस्थानच्या बाजारात किती स्वस्त पडू लागले असेल याची यावरून कल्पना यावी. सरकारने ब्रिटिशेतर कापडावरची जकात १९३२मध्ये पन्नास आणि १९३३मध्ये पंचाहत्तर टक्क्यांवर नेली. जपानने उलट हिंदुस्थानी कापसावर बहिष्कार घातला आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापूस उत्पादकाला त्याची झळ बसली. अखेर १९३४मध्ये करार झाला : जपान इतका कापूस घेईल तर त्याचे इतके कापड येऊ दिले जाईल. म्हणजे दराने बिघडवलेले गणित जकातीने आणि वाटाघाटीने सावरावे लागले. याच दशकात भिवंडीत वीज आणि तिच्या पाठोपाठ यंत्रमाग आले. त्यामागे विजेइतकाच आणि भांडवलाइतकाच या जकातीच्या भिंतीचाही आधार होता. तिच्या आडोशाला देशी कापडाला बाजार उरला.

अठरा पेन्सांचा दर तात्पुरता ठरेल असे सोळावाद्यांना वाटत होते. प्रत्यक्षात तो राज्यकर्त्यांपेक्षा अधिक टिकला. १९३५मध्ये रिझर्व्ह बँक स्थापन झाली ती हाच दर सांभाळण्याच्या बंधनासह. १९४४च्या ब्रेटन वुड्स परिषदेला या बँकेचे गव्हर्नर म्हणून चिंतामणराव देशमुख गेले होते. 'मेघदूता'चा मराठी अनुवाद करणारा हा रसिक रुपयाच्या मूल्याच्या जागतिक वाटाघाटींत बसला होता, ही मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट. १९४९मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले तेव्हा रुपयाही त्याच्याबरोबर उतरला. डॉलरचा भाव सुमारे तीन रुपये तीस पैशांवरून चार रुपये शहात्तर पैशांवर गेला, पण पौंडाशी नाते तेच, एक शिलिंग सहा पेन्स. ६ जून १९६६ रोजी हे नाते तुटले. डॉलर साडेसात रुपयांचा झाला आणि पौंड तेरा रुपये तेहतीस पैशांवरून एकवीस रुपयांवर गेला. साम्राज्याने ठरवलेला आकडा स्वतंत्र भारताने जवळजवळ एकोणीस वर्षे जपला होता.

त्या दिवसाचा एक धागा कोकणातूनही जातो. आखाती प्रदेशांत तोवर भारतीय रुपया हेच चलन होते. १९५९पासून त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँक वेगळ्या नोटा छापत होती. कुवेतने १९६१मध्ये आणि बहारीनने १९६५मध्ये आपले चलन काढले. अवमूल्यनानंतर कतार आणि दुबईच्या बाजूच्या अमिरातींनीही रुपयाला निरोप दिला. ज्या समुद्रापलीकडे आपला रुपया चालत होता, तेथून पुढे कोकणातल्या आणि भिवंडीतल्या घरांत दिनार आणि दिऱ्हॅम येऊ लागले. पूर्वी आपण देणारे होतो, आता वाटवणारे झालो. ज्या घरात आखातातून पैसा येतो त्याला रुपया उतरला की आनंद होतो, आणि शेजारच्या घरात आयात सुतावर माग चालत असेल तर त्याला धास्ती वाटते. बाबासाहेबांनी आयोगापुढे मांडलेला प्रश्न आता एकाच आळीतल्या दोन उंबरठ्यांवर उभा आहे.

१९९१च्या जुलैमध्ये रुपया दोन टप्प्यांत पुन्हा उतरवला गेला आणि १९९३पासून त्याचा दर मुख्यतः बाजार ठरवतो. 'रुपया घसरला' ही बातमी आपण आता अब्रूला बट्टा लागल्यासारखी वाचतो आणि चढला की राष्ट्राचा सन्मान वाढल्यासारखी. १८९३पासूनचा इतिहास या दोन्ही प्रतिक्रियांबद्दल सावध करतो. चढा रुपया गोखल्यांच्या काळी सरकारची शिल्लक वाढवत होता आणि शेतकऱ्याला नागवत होता. उतरता रुपया गिरणीमालकाला तारणार होता आणि त्याच्याच खात्यातल्या मजुराला मारणार होता. दराला स्वतःची नीती नसते. ती त्याचा भार कुणावर टाकला जातो यात असते.

साहित्याच्या विद्यार्थ्याने अर्थशास्त्रज्ञ व्हावे असे आमचे म्हणणे नाही. पण १९२० ते १९४०मधली कादंबरी, नाटक वा आत्मचरित्र शिकवताना पात्राच्या हातातल्या रुपयाची त्या वर्षीची किंमत विचारावी, सावकाराचे देणे कोणत्या भावाने फुगले ते पाहावे, आणि 'दारिद्र्य' या शब्दावर न थांबता ते कुठल्या निर्णयाने, कोणत्या साली वाढले याचा माग काढावा, इतके तरी आपल्याला करता येईल. सोळा की अठरा हा वाद ज्यांच्यासाठी चालला असे सांगितले गेले त्या विणकराला, कुळाला आणि मजुराला त्यात साक्षीला कुणी बोलावले नव्हते. त्यांची साक्ष मराठी वाङ्मयात विखुरलेली पडली आहे. ती नोंदवून घेण्याचे काम आपले आहे.